नाटक सोडलं म्हणजे काय सोडलं?

नाटकवाल्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं : ‘तो आता मालिकेत गेला.’ मराठीतल्या ‘गेला’ या क्रियापदाची जी दुसरी छटा आहे, ती या वाक्यात पुरेपूर उतरलेली असते. सांगणारा क्षणभर थांबतो, ऐकणारा मान हलवतो. दिल्लीच्या मंडी हाउसला चहाच्या टपरीवर हेच हिंदीत ‘बंबई चला गया’ असं सांगतात. मराठीत माध्यमाचं नाव घेतात, हिंदीत शहराचं. सूर मात्र दोन्हीकडे सुतकाचाच.

या जाण्याची दोन स्पष्टीकरणं तयार असतात. एक दयाळू : पोटाचा प्रश्न होता हो, काय करणार. दुसरं कडवट : पैशाला आणि प्रसिद्धीला भुलला. दोन्ही नटाच्या स्वभावाबद्दल किंवा परिस्थितीबद्दल बोलतात. नट ज्या रंगभूमीवरून उठून गेला, तिच्याबद्दल दोन्ही गप्प असतात. तिनं त्याला काय देऊ केलं होतं आणि चाळिशीनंतर काय देणार होती, हा प्रश्न विचारायला नको म्हणूनच ही स्पष्टीकरणं आपल्याला सोयीची वाटतात की काय, अशी शंका येते.

हा प्रश्न विचारायला कोपर्निकस मार्गासारखी दुसरी जागा नाही. मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा हा रस्ता, चालायला दहा-बारा मिनिटांचा. कोपऱ्यावर रवींद्र भवन. साहित्य, संगीत-नाटक आणि ललित कला या तिन्ही अकादम्या तिथे. रस्त्यावर कमानी सभागृह आणि लिटल थिएटर ग्रुपचं सभागृह. याच रस्त्यावर जुनं महाराष्ट्र सदन. चौकातून फुटणाऱ्या भगवानदास रोडवर राष्ट्रीय नाट्य विद्यालय. शेजारी श्रीराम सेंटर, तेही नाटकासाठी जीव गेलेल्या सफदर हाश्मीच्या नावाच्या रस्त्यावर. आणि या सगळ्यांच्या मधोमध दूरदर्शन भवन. मंडीच्या राजाचा वाडा जाऊन तिथे ही इमारत आली, पण नाव तेच राहिलं. पुढे वर्तमानपत्रांत ‘मंडी हाउस’ म्हणजे दूरदर्शनचं मुख्यालय आणि नाटकवाल्यांत ‘मंडी हाउस’ म्हणजे नाटकाचा अड्डा, असे एकाच नावाचे दोन अर्थ झाले. नाटक आणि टीव्ही यांच्यात सात समुद्र आहेत असं आपण बोलतो. इथे मधे एक रस्ता आहे.

सुरुवातीला हा रस्ता सहज ओलांडला जायचा. टीव्हीला माणसं हवी होती आणि अभिनय शिकलेली माणसं नाटकातच होती. नाट्य विद्यालय १९५९ सालचं. दिल्लीत प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली तीही त्याच वर्षी. विद्यालयाच्या सुरुवातीच्या तुकड्यांत शिकलेल्या सई परांजपे यांनी दिल्लीच्या टीव्हीवर निर्माती म्हणून अनेक वर्षं काम केलं आणि मराठी नाटकंही लिहिली, बसवली. त्यांनी नाटक ‘सोडलं’ असं तेव्हा कोणी म्हटल्याचं वाचनात नाही. सोडण्याची भाषा आली ती १९८४ नंतर. ७ जुलै १९८४ला ‘हम लोग’ सुरू झाली. मनोहर श्याम जोशी यांचं लेखन, आणि सुषमा सेठ, विनोद नागपाल अशी दिल्लीच्या रंगभूमीवरची माणसं आठवड्याच्या आठवड्याला घराघरांत. पाठोपाठ प्रायोजित मालिकांची रांग लागली. खासगी निर्माते प्रस्तावांच्या फायली घेऊन याच रस्त्यावर ताटकळायचे. मंजुरी मिळायची ती १३ भागांच्या हिशेबानं.

तेरा भाग म्हणजे तीन महिने. ज्या कामाला आपण आज ‘स्थिर’ म्हणतो, त्याचा जन्म तीन महिन्यांच्या मुदतीवर झालेला आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

कारण त्याच वेळी, त्याच चौकात, खरोखर स्थिर असलेली नाटकाची नोकरी उपलब्ध होती. नाट्य विद्यालयाचं रंगमंडळ, म्हणजे रेपर्टरी, १९६४ साली सुरू झालं. सरकारी अनुदान, ठरलेली तालीम आणि महिन्याच्या महिन्याला पगार. मराठी नटाला आजही स्वप्नवत वाटावी अशी ही व्यवस्था. आणि तिथून कोण गेलं? इब्राहिम अल्काझी यांच्या ‘तुघलक’मध्ये पुराना किल्ल्याच्या भग्न भिंतींपुढे उभे राहिलेले मनोहर सिंग, ते १९७६ ते १९८८ रंगमंडळाचे प्रमुख होते. तिथे दशकाहून अधिक काळ काम केलेल्या सुरेखा सिक्री. रघुवीर यादव. आणि आपल्या उत्तरा बावकर.

‘आपल्या’ हा शब्द मुद्दाम वापरला. बावकर मराठी, विद्यालयातून १९६८ साली बाहेर पडल्या आणि त्यांची ऐन उमेदीची वर्षं हिंदी-उर्दू रंगभूमीवर, दिल्लीत गेली. ‘तुघलक’मधली सावत्र आई, ‘उमराव जान’मधली उमराव, ‘ऑथेल्लो’मधली डेस्डेमोना : ही त्यांची नाममालिका. मराठी प्रेक्षकाला त्या भेटल्या बऱ्याच उशिरा, ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘उत्तरायण’ अशा चित्रपटांतून, आणि तोवर त्या आई-आजीच्या वयात आल्या होत्या. १९७८ साली त्यांनी जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ हिंदीत बसवलं, कुसुम कुमार यांच्या अनुवादातून. वय चौतिशीचं, आणि नाटक निवडलं ते मुलं दूर गेलेल्या म्हाताऱ्या जोडप्याचं. १९८४मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८८मध्ये गोविंद निहलानींची ‘तमस’ दूरदर्शनवर आली आणि देशभर लोकांनी त्यांचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. दोन दशकांचं काम एका पारड्यात आणि काही भागांची मालिका दुसऱ्या पारड्यात. ओळख दिली ती दुसऱ्यानं.

या सगळ्यांनी रंगमंडळ का सोडलं याची कारणं प्रत्येकाची वेगळी असणार आणि ती त्यांची खासगी आहेत. पण एक गोष्ट उघड आहे : पगार नसल्यामुळे ते गेले नाहीत. पगार होता. ‘पोटाचा प्रश्न’ हे स्पष्टीकरण निदान इथे तोकडं पडतं.

मग कमी काय होतं? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, वाढायला जागा. रंगमंडळात नटाची शिडी फार लवकर संपते. मनोहर सिंग प्रमुख झाले. त्यापुढची पायरी कुठली? दुसरी, प्रयोगांची संख्या. दिल्लीत नाटक बसतं, काही प्रयोग होतात, एखादा दौरा, आणि ते उतरतं. कमानीत प्रेक्षक भरपूर येतात, पण ते तिकिटाच्या बळावर नाटक जगवणारे प्रेक्षक नव्हेत. अनुदान नाटकाला जन्म देतं, आयुष्य देत नाही. इथे मराठीशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीतच झाला. पण ते नाटक जगलं महाराष्ट्रात. प्रभाकर पणशीकरांचा लखोबा हजारो प्रयोगांतून, गावोगावच्या तिकीटबारीवर मोठा झाला. दिल्लीत जन्मून दिल्लीतच राहिलं असतं, तर त्याचं काय झालं असतं याची कल्पना करून पाहावी.

तिसरी गोष्ट वयाची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिच्याकडे परत येतो.

आता रस्त्याचं दुसरं टोक, महाराष्ट्र. इथे चित्र नेमकं उलटं. तिकीट काढणारा प्रेक्षक आहे, पण महिन्याचा पगार नाही. नटाला मिळते ती ‘नाइट’, म्हणजे प्रयोगागणिक मानधन. प्रयोग रद्द, तर नाइट रद्द. तालमींचे पैसे बहुधा नाहीतच. या व्यवस्थेत नट इतकी वर्षं टिकला कसा? उत्तर नाट्यगृहात नाही, बँकेत आहे. बँका, विमा, बेस्ट, सरकारी खाती, महाविद्यालयं, दवाखाने : मराठी रंगभूमीचे खरे आश्रयदाते हेच होते. सतीश आळेकर पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्रज्ञ, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, प्रशांत दामले एके काळी बेस्टमध्ये. १९५४पासून चाललेली राज्य नाट्य स्पर्धा आणि कामगार-बँकांच्या स्पर्धा या नोकरदार नटांनीच तोलून धरल्या. साडेपाचला टेबल आवरायचं, सहाला तालमीला पोचायचं. सायंकाळ नटाची स्वतःची होती, कारण दिवस दुसऱ्याला विकलेला होता.

हा सौदा आपल्या नाटकांनी फार आधी ओळखला होता. आळेकरांच्या ‘बेगम बर्वे’मध्ये (१९७९) एकीकडे संगीत नाटकमंडळ्यांत किरकोळ स्त्रीभूमिका करून आयुष्य घालवलेला, आता उदबत्त्या विकणारा बर्वे आहे, आणि दुसरीकडे जावडेकर-बावडेकर हे दोन कारकून. कारकुनांकडे पगार आहे, स्वप्न नाही; बर्व्याकडे स्वप्न आहे, बाकी काही नाही. दोघांची गाठ पडते तेव्हा कारकून त्याच्या स्वप्नात शिरतात आणि शेवटी त्याची वाताहत करून पुन्हा कचेरीला लागतात. नाटकवाल्याचं वैभव आणि नोकरदाराची सुरक्षितता यांचा हिशेब इतक्या निर्दयपणे मराठीत दुसऱ्या कोणी मांडलेला नाही. ‘नटसम्राट’कडेही (१९७०) या अंगानं पाहावं. आपण त्यात कृतघ्न मुलं पाहतो आणि हळहळतो. पण गणपतराव बेलवलकर मुलांच्या दारात का जातो? कारण चाळीस वर्षं टाळ्या घेतलेल्या माणसाला निवृत्तिवेतन नाही. त्याची सामाजिक सुरक्षितता म्हणजे त्याची मुलं, आणि ती त्यानं आपल्या हातानं वाटून टाकलेली. शिरवाडकरांनी शोकांतिका लिहिली. तिच्या तळाशी भविष्य निर्वाह निधीचा अभाव आहे. आणि ती भूमिका पहिल्यांदा केली ती श्रीराम लागू यांनी, ज्यांनी नाक-कान-घशाचा चांगला चाललेला व्यवसाय सोडून पूर्णवेळ नाटक धरलं होतं. लागूंसारखा उलटा प्रवास करणारे थोडे, म्हणून तर ते आपल्या लक्षात राहतात.

१९९०नंतर दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. बँकांतली आणि कचेऱ्यांतली भरती आटत गेली, आणि जी नोकरी राहिली तिनं साडेपाचला सोडणं बंद केलं. आणि १९९९मध्ये अल्फा टीव्ही मराठी, २०००मध्ये ई टीव्ही मराठी, २००८मध्ये स्टार प्रवाह अशा वाहिन्या आल्या. माझं म्हणणं असं की मराठी नटानं नाटक सोडून मालिका धरली नाही. त्यानं बँक सोडून मालिका धरली. किंवा अधिक अचूक बोलायचं तर, बँकेनं त्याला सोडलं तेव्हा त्या रिकाम्या खुर्चीवर मालिका येऊन बसली. घराचा हप्ता, मुलांची शाळा, आईवडिलांचं औषधपाणी हे सारं पूर्वी ज्या खात्यातून जायचं, ते खातं बदललं.

फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की बँकेनं दिवस मागितला होता, मालिका दिवस आणि संध्याकाळ दोन्ही मागते. बारा-बारा तासांची पाळी. दृश्य हातात पडतं ते कित्येकदा त्याच सकाळी. पुन्हा बँकेनं नटाकडून अभिनय मागितला नव्हता. तो त्यानं संध्याकाळसाठी राखून ठेवला होता. मालिका त्याच विहिरीतून दिवसभर पाणी उपसते. आणि हिला स्थिर तरी कसं म्हणावं? केलेल्या कामाचे पैसे तीन महिन्यांनी हातात पडायचे, ही या धंद्यातली जुनी रीत. टीआरपी घसरला की पात्र परदेशी जातं, अपघातात मरतं, किंवा एका सोमवारी दुसऱ्याच चेहऱ्यानं जिना उतरतं. निवृत्तिवेतन इथेही नाही. बेलवलकराला मालिका मिळाली असती तर तो वाचला असता, असं नाही.

तरीही माणसं जातात, आणि समजून जातात. इथे तो वयाचा मुद्दा.

रोहिणी हट्टंगडी पुण्याच्या, नाट्य विद्यालयाच्या. ‘गांधी’ (१९८२) प्रदर्शित झाला तेव्हा त्यांचं वय एकतीस. त्यात त्यांनी कस्तुरबांचं म्हातारपणही केलं. दोनच वर्षांनी निहलानींच्या ‘पार्टी’त, महेश एलकुंचवारांच्या नाटकावरच्या चित्रपटात, त्या मोहिनी बर्वे झाल्या : रंगभूमी मागे पडलेली, मोठ्या लेखकाच्या सावलीत दारूच्या आधारानं जगणारी नटी. लेखक दिवाकर बर्वे झाले होते मनोहर सिंग. विद्यालयाचे दोन विद्यार्थी एका पडद्यावर, आणि कथेत एक नटी संपलेली. साल १९८४; ‘हम लोग’ही त्याच वर्षीची. पुढे २००१ साली, पन्नाशीत, हट्टंगडींना ‘चार दिवस सासूचे’ मिळाली. ती अकरा वर्षांच्या आसपास चालली, ३,०००हून अधिक भाग झाले. त्या मालिकेच्या कथानकाबद्दल मी काही बोलत नाही. त्यातल्या कारस्थानांचा हिशेब ठेवणं कठीण. पण पन्नाशीतल्या नटीला मध्यवर्ती भूमिका देऊन ती अकरा वर्षं चालवणारी मराठी रंगभूमीवरची एखादी संस्था शोधून दाखवा. सुरेखा सिक्री ‘बालिका वधू’त दादीसा झाल्या तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या.

मालिका वयस्क स्त्रीला सासू आणि आजी करते, हा आक्षेप खरा आहे. पण रंगभूमी तिला काय करते? पुष्कळदा काहीच नाही. मराठीतून हिंदीत नाटक नेणाऱ्या अनुवादकाला एक प्रश्न ठरलेला असतो : ‘यातलं वय थोडं कमी करता येईल का?’ संहितेत पासष्ट वर्षांची बाई असते आणि दिग्दर्शकाकडे नुकत्याच प्रशिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या मुली असतात. मग केसांना पांढरा रंग, पाठीला पोक, आवाजाला कंप. चेहरा गुळगुळीत. प्रेक्षक ते समजून घेतात, कारण त्यांना सवय झालेली आहे. दिल्लीच्या रंगभूमीवर म्हातारपण बहुतेक वेळा पंचविशीतलं असतं.

नट जातो तेव्हा जे सुटतं ते हे. निष्ठा वगैरे नव्हे; एका वयाचं शरीरच रंगमंचावरून नाहीसं होतं. आणि मग लेखकही त्या वयाचं लिहिणं थांबवतो, कारण करणार कोण? शिवाय नट नटाकडून शिकतो तो तालमीत, शेजारी उभं राहून. मनोहर सिंग यांच्यासमोर उभ्या राहणाऱ्या विशीतल्या पोरानं जे उचललं असेल ते कोणत्या अभ्यासक्रमात शिकवणार? मधली पिढी गेली की वारसा द्यायला आणि घ्यायला दोन टोकं उरतात, हात मात्र पोचत नाहीत.

मराठीत याची दुसरी खूण दिसते. टीव्हीनं मराठी नाटकाचा प्रेक्षक पळवला असं म्हणता येत नाही. उलट मालिकेतला चेहरा जाहिरातीत असला की बुकिंग उघडतं. प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर २०२२मध्ये १२,५००वा प्रयोग केला. त्याआधी टीव्हीवर ‘आम्ही सारे खवय्ये’मधून ते घरोघरी पोचले होतेच. ‘चार दिवस सासूचे’मधल्या कविता लाड त्यांच्यासोबत ‘एका लग्नाची गोष्ट’मध्ये. म्हणजे जाणं हे कायमचं नसतं, येणंजाणं असतं. पण त्या येण्याजाण्याची किंमत नाटक मोजतं : नाटक शनिवार-रविवारचं झालं. चित्रीकरणातून तारखा मिळतील तसे प्रयोग लागतात. विदर्भ-मराठवाड्याचा दहा दिवसांचा दौरा काढायचा तर पाच नटांच्या पाच मालिकांशी बोलणी करावी लागतात. त्यापेक्षा मुंबई-पुणे-ठाण्यात दोन प्रयोग सोपे. नट परत येतो; लातूर-चंद्रपूरच्या प्रेक्षकापर्यंत तो परत येत नाही.

मराठी भाषेनं नाटकाच्या प्रत्येक सादरीकरणाला ‘प्रयोग’ हा शब्द दिला. हिंदीत ‘मंचन’ म्हणतात, ‘प्रस्तुति’ म्हणतात, बोलताना सरळ ‘शो’. ‘प्रयोग’चा अनुवाद करताना दर वेळी अडखळायला होतं. हजारावा असला तरी तो प्रयोगच. म्हणजे फसू शकतो, म्हणजे आज पुन्हा करून पाहायचा. ‘मालिका’ या शब्दात मणी ओवलेले आहेत, एकापुढे एक. मागचा मणी पुन्हा हाती येत नाही. मालिकेत नट एखादं दृश्य एकदाच करतो आणि ते चुकलं तर तसंच राहतं. चुकलेलं उद्या सुधारण्याची मुभा फक्त नाटक देतं, आणि अस्सल नटाला त्याचीच ओढ असते. म्हणून तर मालिकेत पुरेसे पैसे मिळू लागल्यावरही तो शनिवारी रात्री विंगेत उभा राहायला येतो. ही ओढ खरी आहे. तिच्या जिवावर रंगभूमीनं आपलं अंदाजपत्रक आखावं, हे मात्र अन्यायाचं आहे.

तेव्हा आपण समीक्षकांनी आधी शोकगीत थांबवावं. परीक्षणात ‘मालिकेतून वेळ काढून’ असं कौतुकानं लिहितो, तेही थांबवावं. त्यात नट उपकार करतो आणि नाटक ते घेतं असा अर्थ निघतो. त्याऐवजी संस्थांना साधे प्रश्न विचारावेत. तालमींचं मानधन किती आणि कधी? अनुदानावर चालणाऱ्या रंगमंडळांत पन्नाशीपुढच्या किती नटांना जागा आहे? नवं नाटक मागवताना साठीच्या बाईची भूमिका मागवली जाते का, आणि ती करायला साठीची बाई बोलावली जाते का? हे प्रश्न रुक्ष आहेत, सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकात बसत नाहीत. पण चौतिशीत ‘संध्याछाया’ बसवणाऱ्या बाईला तिच्या खऱ्या संध्याकाळी दिल्लीच्या रंगमंचावर उभं राहायला जागा होती का, याचं उत्तर याच प्रश्नांतून मिळेल. एप्रिल २०२३मध्ये उत्तरा बावकर पुण्यात गेल्या तेव्हा बहुतेक बातम्यांत ओळख चित्रपट-मालिकांतली अभिनेत्री अशीच होती. उमराव कुणाच्या आठवणीत असेल तर ती कोपर्निकस मार्गावर, कमानीच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या चार म्हाताऱ्या प्रेक्षकांच्या.